भिंतीकडे वळवलेली डिश

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर भलीमोठी डिश आणि तिच्या सावलीत नादबाबा. त्यांनी हात वर केला आणि कर्ण्यातून घुर्रर्र सुरू झालं. माणसं डोळे मिटून डोलू लागली.

"हा ताऱ्यांचा नाद," बाबा म्हणाले. "हा कानात गेला की औषध कशाला हवं?"

दाराशी उभी असलेली दुर्बीणवाली पार थकली होती. शहराबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीवर तिची नोकरी. आकाशातल्या काही ठिकाणांहून जोरदार रेडिओ लहरी येतात. त्या जमिनीवरची दुर्बीण आणि वरचा उपग्रह एकाच वेळी टिपतात. दोघांना ऐकू आलं, तरच ते आकाशातलं. महिनाभर रोज संध्याकाळी दुर्बिणीत खरखर येत होती आणि उपग्रहाला मात्र तिचा पत्ताच नव्हता. म्हणजे खरखर जवळपासचीच. तिचा माग काढत ती इथवर आली, तर पहिल्याच रांगेत तिची सख्खी ताई आणि भाऊजी.

भाऊजींना फिट्स येत. गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. बाबांच्या शब्दावर ताईने गोळ्या बंद केल्या आणि परवा भाऊजी जिन्यावरून कोसळले. कपाळावरचे टाके अजून ओले होते. ताईला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी झालं होतं.

ती सरळ मंचावर चढली. दुर्बिणीवर काम करताना एखाद्या आवाजाची शंका आली की पहिली रीत एकच, दुर्बिणीचं तोंड फिरवून बघायचं. तिने डिश भिंतीकडे वळवली. नाद ताऱ्यांचा असता तर थांबला असता, पण घुर्रर्र तसंच चालू राहिलं.

"बाबांना भिंतसुद्धा अडवत नाही," एक आजोबा हात जोडून म्हणाले. तिने कपाळावर हात मारून घेतला.

मग तिने मंचाची चादर उचलली. खाली ठिणग्या टाकणारी जुनी विजेची मोटार होती आणि तिची खरखर पकडून कर्ण्याला देणारा रेडिओ. बटण बाबांच्या पायाशी. अश्रद्धांच्या स्पर्शाने तारे रुसतात, असं बाबा पुटपुटले.

"ताई, माझं ऐकू नकोस. तूच दाबून बघ."

ताईने मंचावर येऊन बटण दाबलं. नाद थांबला. पुन्हा दाबलं, सुरू झाला. तिसऱ्यांदा दाबून ती खाली उतरली आणि पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"फेकायचा धीर झाला नव्हता," ती म्हणाली.

"चल, आधी डॉक्टरांकडे जाऊ. आणि ताई, आम्ही आकाशाचं म्हणणंसुद्धा दोन ठिकाणांहून पडताळतो गं. बाबाचं एकदा तरी तपासायचंस."