डबीत न मावलेला साबण

मी एक जुना साबण आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर चार साबणांचे उरलेले तुकडे मिळून मी झालो. परदेशातल्या एडमंटन शहरात, एका घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशरूमच्या सिंकपाशी मी राहतो.

माझ्या जन्माला एक नेम कारण झाला. मंदाकिनीआजी गेल्या वर्षी नागपूरहून लेकाकडे राहायला आल्या. त्यांची खोली आणि देव्हारा याच बेसमेंटमध्ये आहे. दर चातुर्मासात त्या काही ना काही सोडतात, कधी वांगी, कधी गादीवरची झोप. यंदा देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "कार्तिकी एकादशीपर्यंत कामाची वस्तू टाकणार नाही."

साबणाच्या चकत्या सिंकच्या कडेला साचू लागल्या. सूनबाई अवंतिका हसून म्हणाली, "आई, नेम तुमचा आणि चिकचिकाट माझ्या नशिबी!"

नऊ वर्षांच्या ऊर्मीला मात्र आजीचा नेम फार आवडला. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आजी भजनाला गेल्या, तेव्हा तिने घरभर फिरून तुकडे गोळा केले. आईचा हिरवा, बाबांचा पांढरा, स्वतःचा गुलाबी. "मम्मा, आय फाउंड वन मोअर!" म्हणत तिने एक तपकिरी चकतीही आणली. अवंतिकेने सगळे तुकडे किसून दिले. ऊर्मीने किसात थोडं गरम पाणी घालून मळलं, वाटीत दाबलं आणि वाटी हीटिंगची गरम हवा येते त्या झरोक्यापाशी लपवून ठेवली. आठवड्याने मी वाटीतून निघालो. जरा ओबडधोबडच होतो, पण अंगाने भक्कम.

"सरप्राइज, आजी!"

आजींनी कौतुकाने मला नाकाशी नेलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्या तशाच देव्हाऱ्यापाशी गेल्या. तिथली छोटी स्टीलची डबी त्यांनी उघडली. डबी रिकामी होती.

ती तपकिरी चकती आजोबांच्या चंदनी साबणाची होती. आजोबा गेले त्या दिवशी न्हाणीघरात ती उरली होती. आजींनी ती जपून इतक्या लांब आणली होती. दर एकादशीला त्या डबी उघडायच्या, वास घ्यायच्या आणि पुन्हा झाकण लावायच्या.

"तूच म्हणालीस ना, टाकायचं नाही?" ऊर्मीचा आवाज बारीक झाला. "दॅट वन वॉज जस्ट लाइंग देअर."

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी मला डबीत ठेवून पाहिलं, पण झाकण लागेना. शेवटी मला देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात, एका ताटलीत ठेवलं. मला कोणी हात लावेना. ऊर्मी बेसमेंटमध्ये यायचीच बंद झाली. तिला वाटलं, आजी आता आपल्याशी पूर्वीसारखं बोलणार नाही.

मित्रांनो, तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं, "आजी, डबीतसुद्धा दर एकादशीला माझ्यातल्या चंदनाचा वास थोडा थोडा कमीच होत होता."

कदाचित त्यांनाही ते ठाऊक होतं. चौथ्या दिवशी ऊर्मी शाळेतून आली ती बर्फाने ओले आणि रंगाने माखलेले हात घेऊन. आजींनी जिन्याखालून हाक मारली, "ऊर्मे, खाली ये गं. हात धुऊ."

ती घाबरत घाबरत आली. आजींनी मला नळाखाली धरलं. पहिला फेस आला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत.

"तुझे आजोबा बाहेरून आले की कोपरापर्यंत धुवायचे. अस्सं. आणि बोटांच्या मध्ये."

ऊर्मीने हात हुंगले. "इज धिस आजोबा?"

"थोडे आजोबा," आजी म्हणाल्या, "थोडे तुझे बाबा, थोडी आई. आणि हा गुलाबी वास कुणाचा गं, सगळ्यांवर कुरघोडी करणारा?"

"माझा!" ऊर्मी खुदकन हसली.

त्या दिवसापासून पूजेआधी आजी आणि शाळेनंतर ऊर्मी माझ्याच फेसाने हात धुतात. कार्तिकी एकादशी झाली, नेम सुटला, पण सवय राहिली. मी आता बोटाएवढा उरलो आहे. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, आमचे तुकडे फेकू नका, आणि आम्हाला कुलपातही ठेवू नका. हाती घ्या.

ती स्टीलची डबी आता सिंकपाशीच असते. काल ऊर्मीने पुढच्या साबणासाठी तिच्यात आईची एक हिरवी चकती ठेवली. झाकण तिने लावलं नाही.