मिठाची बरणी आणि सोमवारचा फोन

माणसानं खोटं बोलायचं तर निदान मिशी पुसून तरी बोलावं. आमच्या लालासाहेबांना तेवढंही जमत नाही, मित्रांनो. फोनचा काळा रिसीव्हर कानाला, छाती पुढे, मिशीला मिठाचे दोन खडे चिकटलेले, आणि तिकडे कडेगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगतात, "सिस्टर, महिना झाला. मिठाकडं बघितलंसुदिक न्हाई!" बघितलं नव्हतं हे खरंच. न बघता हात घातला होता. ज्या बरणीत घातला ती त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर होती, आणि ती बरणी म्हणजे मी.

होय, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. अंगाने पिवळसर पांढरी, खांद्यावर तपकिरी, तोंड वीतभर रुंद. शाळा म्हणाल तर माझ्या मालकिणीच्या, राहीबाईंच्या, दोन यत्ता झाल्या आणि माझी एकही नाही. तेव्हा गोड गोड सांगायला मला येत नाही. लागलं कुणाला तर लागू दे.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. आठवते ती भट्टी. त्या आगीत माझ्या शेजारच्या कितीतरी जणी तडकल्या. मी तडकले नाही, हे मी मुद्दाम सांगते. मग गवतात गुंडाळून, आगगाडीत बसून मी लोणंदच्या बाजारात आले. तिथे राहीबाईंच्या आईने बोटाच्या पेराने मला ठोकून बघितलं. मी खणकन वाजले. "हीच द्या," ती म्हातारी म्हणाली, "हिचा आवाज लय चांगला हाय." राहीबाईंच्या लग्नात मी त्यांच्या बरोबर कडेगावजवळच्या या वाडीला आले. सासरी पाऊल पडताच माझ्यात मीठ भरलं गेलं. त्या दिवशी माझा आवाज बंद झाला, तो चाळीस वर्षं बंदच होता. भरलेली बरणी वाजत नाही.

पण मान केवढा होता! चुलीच्या उजव्या हाताला माझी जागा. माझ्यात हात घालायचा तो फक्त राहीबाईंनी, आणि तोही कोरडा. आमच्या घरात 'मीठ संपलं' असा शब्द काढत नाहीत. मीठ ही लक्ष्मी. ती संपली असं कसं म्हणायचं? 'मीठ वाढलं' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने काय ते समजायचं. अर्थात माझ्यावर ती वेळ कधी आलीच नाही. चार बोटं खाली गेलं की राहीबाई परत भरायच्या. बहात्तरच्या दुष्काळात लोक परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते, तेव्हाही मी काठोकाठ होते.

राहीबाईंचे यजमान लालासाहेब लष्करातून सुभेदार होऊन परतले. ऊस लावला, घराच्या पुढच्या सोप्यात फोन घेतला. वाडीतला तो एकुलता एक फोन. तेव्हापासून हुकूम द्यायला त्यांना एक यंत्रच मिळालं. दुष्काळ सरल्यावर पुढच्याच वर्षी ते उसाच्या बांधावर चक्कर येऊन बसले. कडेगावला नेलं. दंडाला पट्टा गुंडाळून, फुगवून नर्सबाईंनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. दोन गोळ्या मिळाल्या, एक दाबाची आणि एक पाण्याची. ही पाण्याची गोळी घेतली की लघवीला जास्त होतं. आणि मीठ बंद.

मीठ बंद म्हणजे मी बंद, मित्रांनो. स्वयंपाकघरात ठेवली तर नवरा चोरून खाईल, म्हणून राहीबाईंनी मला उचललं आणि सोप्यात, फोनच्या वरच्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. चुलीजवळ घरच्या लोकांपुरती एक वाटी राहिली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण राहीबाईंचा राग नाही आला. त्या बाईचं फक्त एक चुकलं. त्या स्वतः साडेचार फूट, आणि लालासाहेब सहा. त्या फळीवर घरात कुणाचा हात सहज पोचत असेल तर तो नेमका चोराचा.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली. जुलाब, उलट्या, आणि संध्याकाळपर्यंत धडधाकट माणूस चिपाडासारखा कोरडा. नर्सबाईंचा फोन आला. त्यांचं नाव शालूबाई, माहेर मिरजेचं. त्यांचा आवाज असा खणखणीत की रिसीव्हर लालासाहेबांच्या कानाला आणि बोलणं माझ्या फळीवर.

"काका, ही साथ आपल्यापुरती नाही, देशोदेशी फिरून आलीय. दवाखान्यात पेशंट जमिनीवर झोपवलेत. ब्लडप्रेशरवाल्यांनी इकडं पाऊल टाकायचं नाही. आम्ही दोघी नर्स वाटून घेऊन गावोगाव फोन करणार. तुमचा सोमवार, दुपारी दोन वाजता."

मग दर सोमवारी आमच्या सोप्यात शालूबाईंचा आवाज यायचा. डोकं दुखतं का? चक्कर येते का? पायावर सूज? आणि शेवटी, "गोळ्या किती उरल्या, मोजून सांगा." हुशार बाई! दिसत नाही म्हणून मोजून घ्यायची.

माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीतून धोंडुबाई यायच्या. त्यांनाही तोच आजार. त्या रिसीव्हर उलटा धरायच्या, पण बोलायच्या सरळ.

"बाय, परवा येक गोळी चुकली. मेंढरू हरवल्यालं."

"खरं सांगितलंत ते बरं केलंत, मावशी. मीठ कसं आहे?"

"मीठ वाढलं माझं."

"वाढलं? अहो, कमी करायला सांगितलं होतं ना मी!"

"आवं, वाढलं म्हंजी न्हाईच की!"

"नाही तर मग वाढलं कसं?"

"न्हाई म्हनूनच वाढलं!"

सोप्यातली माणसं हसून लोळली. लालासाहेबांनी रिसीव्हर हिसकावून घेतला. "सिस्टर, सोडा. अडाणी बाई हाय. माझं ल्ह्या, एकदम फिट!" अडाणी बाई खरं बोलली होती आणि शहाणा सुभेदार मघाशीच मीठ लावून कैरी खाऊन बसला होता. लिहून काय घेणार त्या बिचाऱ्या?

एका बुधवारी दिवेलागणीला धोंडुबाईंचा मुलगा बिराप्पा धापा टाकत आला. "सुभेदार, आयला सकाळधरनं जुलाब लागल्यात. डोळं पार आत गेलं वो." लालासाहेबांनी लगेच दवाखान्याला फोन लावला. एवढं त्यांचं मी मान्य करते. शालूबाई एकेक शब्द तोडून सांगत होत्या आणि लालासाहेब परेडवर ओरडावं तसं बिराप्पाला ऐकवत होते.

"पाणी उकळून निवव! तांब्याभर! त्यात तीन बोटांची चिमूट मीठ! मूठभर साखर! घोट घोट पाजत ऱ्हा, उलटी झाली तरी पाज! सकाळी जीप येतीया!"

इतकं झाल्यावर शालूबाई म्हणाल्या, "आणि काका, हे ज्याला जुलाब होतायत त्याच्यासाठीच. चांगल्या माणसानं प्यायचं नाही. तुम्ही तर मुळीच नाही. ऐकलं?"

"यस सिस्टर," लालासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. हे शेवटचं त्यांनी कुणालाच ऐकवलं नाही. मी मात्र ऐकलं होतं.

राहीबाईंनी बिराप्पाकडून मला फळीवरून खाली उतरवून घेतलं. तो मागे सरला. "काकी, दिवं लागल्यात. आत्ता मीठ कसं न्यावं?" दिवे लागल्यावर मीठ घराबाहेर देत नाहीत, हे त्या पोरालाही ठाऊक होतं.

"तुझी आय उजाडायची वाट बघनार हाय व्हय? धर पंचा." राहीबाईंनी दोन पसे मीठ आणि साखरेचा पुडा त्याच्या पंचात बांधला.

धोंडुबाई वाचल्या, मित्रांनो. पुढच्या सोमवारी काठी टेकत आल्या, मला खाली घ्यायला लावलं आणि माझ्या पोटावरून खरखरीत हात फिरवला. "हिनं वाचिवलं." वर्षभर मी विष म्हणून फळीवर बसले होते. त्या दिवशी मी औषध झाले. इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

आणि त्याच कौतुकावर आमच्या शहाण्याने पाणी ओतलं. शब्दशः ओतलं.

बिराप्पा गेला त्याच्या दुसऱ्याच सकाळी लालासाहेबांनी चुलीसमोर उभं राहून जाहीर केलं होतं, "सिस्टरचा हुकूम हाय. पटकी येऊ ने म्हणून समद्यांनी मिठाचं पानी प्यायचं."

राहीबाईंनी मान वर केली. "तुमास्नी बी? तुमचं तर मीठ तोडलंय."

"मला पयलं! फोनवर मी हुतो का तू?"

फोनवर तेच होते. राहीबाईंनी आजवर त्या यंत्राला बोटही लावलेलं नव्हतं. विश्वास ठेवला. स्वतःच्या हाताने तांब्या भरून दिला. "चिमटीनं काय हुतंय? जरा हात सैल सोड," असं म्हणत चिमटीच्या चार झाल्या. दिवसाला पाच तांबे. वर आणखी अक्कल अशी की पटकीत अंगातलं पाणी जातं, मग पाण्याची गोळी घ्यायचीच कशाला? शुक्रवारपासून रोज सकाळी ती गोळी मुठीत धरून ते फोनपाशी यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि माझ्यात टाकून बोटाने खोल दाबायचे. सोमवारी शालूबाईंनी विचारलं, "किती उरल्या?" त्यांनी मोजून सांगितलं. "बरोबर," शालूबाई म्हणाल्या. आकडा बरोबरच होता. गोळ्या फक्त त्यांच्या पोटाऐवजी माझ्या पोटात होत्या.

मी काय करणार? गळ्यापर्यंत मीठ. ओरडायचं कसं?

शनिवारी दुपारी लालासाहेब सोप्यात तांब्या तोंडाला लावत होते. डाव्या हातातून तांब्या सुटला. नाकातून रक्ताची धार लागली. काहीतरी बोलायला गेले तर शब्द तोंडातच कालवले गेले. राहीबाई धावत आल्या, त्यांना भिंतीला टेकवलं, आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं. फोन उचलला.

"आवं फोनवालं! कडेगावचा दवाखाना द्या. बिगीनं!"

शालूबाई फोनवर आल्या. "काकी, तुम्ही? काय झालं?"

राहीबाईंनी सांगितलं. "गोळ्या घेत्यात, सिस्टर. आन् तुमी सांगितल्यालं मिठाचं पानी बी देतीया. पाच येळा."

मग शालूबाई हळू म्हणाल्या, "मी? काकी, मी त्यांना पिऊ नका म्हणून बजावलं होतं. 'यस सिस्टर' म्हणाले ते."

राहीबाईंचा चेहरा मला वरून दिसत होता. तो मला पुन्हा बघायचा नाही.

"ऐका," शालूबाई त्यांना भानावर आणत म्हणाल्या, "ते पाणी बंद. बसवूनच ठेवा, मान पुढं. नाकपुड्या चिमटीत दाबून धरा. तोंडानं काही देऊ नका. डॉक्टरांना घेऊन मी निघतेच."

जीप आली, लालासाहेबांना घेऊन गेली. धूळ बसल्यावर राहीबाईंनी पाटावर चढून मला खाली घेतलं आणि सुपात उपडी केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मिठाच्या ढिगातून पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. त्यांनी एकेक वेचली. नऊ भरल्या.

"माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं पाजलं की." एवढंच. सूप उचललं, मीठ पाखडून निवडून घेतलं आणि बिराप्पाला बोलावून वस्तीवर पाठवून दिलं. तिथे आणखी दोघं आजारी होते. मला धुऊन उन्हात वाळवलं आणि परत फळीवर ठेवलं, रिकामी.

लालासाहेब बारा दिवसांनी परत आले. वाचले. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अजून सुन्न आहेत. घरात पाऊल टाकलं तर फोनशेजारी एका वाटीत नऊ गोळ्या मांडलेल्या. राहीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. अळणी ताट वाढतात, समोर बसून दोन्ही गोळ्या गिळायला लावतात, तोंड उघडून दाखवायला लावतात. पण बोलत नाहीत. त्या बाईचं भांडण मी चाळीस वर्षं ऐकलंय, मित्रांनो. त्यांचं गप्प बसणं मला पहिल्यांदा ऐकू आलं.

आता माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी म्हणायचं असतं, मला जपा, मला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल विसरा. तुमच्या घरी असा आजारी माणूस असेल तर माझ्यासारखीला दोन खोल्या पलीकडे ठेवा. पण दूरवरून कुणी बाई दर आठवड्याला तोच प्रश्न विचारत असेल, तर तिला खरं सांगा. तिला तुमचा चेहरा दिसत नाही. तुम्ही जे सांगाल तेवढंच तिच्या हातात असतं.

आज सोमवार. दोनला पाच मिनिटं कमी. राहीबाई परसात आहेत. आणि बघा, आले! इकडे बघितलं, तिकडे बघितलं. उजवा हात माझ्यात. तळापर्यंत गेला, काही लागेना. मग मला काखेत धरून खाली उतरवलं आणि अख्खं तोंड माझ्या तोंडात घालून म्हणतात, "आं? मीठ कुटं गेलं?"

आता माझं पोट रिकामं आहे. लोणंदच्या बाजारात वाजले होते तशी आज वाजेन. राहीबाईंनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही. मला ती अडचण नाही.

"लालासाहेब! त्या बाईच्या हातून स्वतःला मारायला निघाला होतात तुम्ही! घंटी वाजतीय, ऐका. फोन उचला आणि आज तरी खरं बोला. आन् मला ठेवा खाली. तुमच्यापुरतं मीठ वाढलं!"