रेंजचा दगड

२००७ साली मी आईला मोबाईल घेऊन दिला आणि गावभर मिरवलो. मी उचगावला फौंड्रीत कामाला, आणि आई, बनाबाई, पश्चिमेच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत एकटी. वाडीत रेंज औषधालाही नव्हती. वर माथ्यावर एक काळा दगड होता, त्यावर उभं राहिलं की दोन दांड्या यायच्या. सगळे त्याला रेंजचा दगड म्हणायचे. सोयरीक, बाळंतपण, मयत, सगळं तिथूनच कळवायचं.

आमच्याकडं फाल्गुनात कुणी ना कुणी डोंगराला काडी लावतंच. जुनं गवत जळलं की नवं जोमानं येतं म्हणे. मला वणव्याची धास्ती, म्हणून मीच आईला शहाणपण शिकवलं होतं, "आग दिसली की पहिला मला फोन कर. मी बंब धाडतो." जसा काही बंब माझ्या खिशातच होता.

त्या दुपारी फोन आला.

"सया, डोंगुर पेटलाय. वारं बी लई हाय. बंब धाड लगोलग."

"धाडतो. बाकीची कुठं हाईत?"

"समदी वड्यात उतरल्यात. शेजारचा पिराजी मला बी वडत हुता. म्हटलं न्हाय, सयाला फोन करायचा हाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, तू दगडावर हाईस?"

"मग? दुसरीकडं कुठं लागतोय ह्यो?"

"फोन ठेव. खाली पळ."

"खाली गेलो तर तुझा आवाज न्हाय येत की. बंब कवा येतोय तेवढं सांग, म्हंजी समद्यास्नी सांगतो."

मी ओरडत राहिलो. ती खोकत होती. एकदा म्हणाली, "काय दिसंना झालंय रं." मग नुसती खरखर, मग तीही नाही.

बंब आला, पण डांबरी रस्ता संपतो तिथंच थांबला. तिथून वाडी दोन कोस. ओढ्यात उतरलेली एकूण एक माणसं वाचली होती. एकही घर जळलं नव्हतं, आग वरच्यावर गवत खाऊन विझली होती. आई दगडाच्या पायथ्याशी सापडली, फोन मुठीत धरलेला. तिनं माझं ऐकलं नसतं तर त्या सांजेला ती चुलीपुढं भाकरी थापत बसली असती. हे मला अजून गिळवत नाही.

मी वाडीत पोचलो तेव्हा जयसिंगपूरच्या थोरल्या बहिणीला अजून कळवायचं होतं. पिराजी म्हणाला, "चल, मी येतो संगं." कुठं, ते मी विचारलं नाही. राख तुडवत दोघं चढलो. दगड अजून कोमट होता. मी वर उभा राहिलो आणि दोन दांड्या आल्या.

"आज तुझा आवाज लई चांगला येतोय की, मागं फौंड्रीची खडखड न्हाय," बहीण म्हणाली. "गावाकडं आलाईस व्हय? आईला दे जरा."