भिंगरावांनी निवडलेला हिरा

कुणी चंद्र दुकानात आणून दाखवला असता, तर भिंगरावांनी तो डागांसकट परत पाठवला असता आणि वर पोचपावती मागितली असती. पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांच्या उजव्या डोळ्याला भिंगाची इतकी सवय झाली होती, की भिंग काढलं तरी तो डोळा जगाकडे बारीक होऊनच बघायचा. एकदा डाळिंब सोलताना त्यांनी दोन दाणे तिरके बसलेले शोधून काढले होते. तिशीत एका घरी लग्नाचं बोलणं करायला गेले, तर भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे. ते खाली उतरवून दुरुस्त करेपर्यंत चहा थंड झाला, मुलगी कंटाळून मैत्रिणीकडे गेली आणि पुढे तिचं दुसरीकडे जमलं. घड्याळ मात्र अजून एका सेकंदानेही चुकत नाही म्हणतात.

अशा माणसाचं अठ्ठावन्नाव्या वर्षी समोरच्या पडदेबाईंशी जमलं. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवण्याचं त्यांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. एकदाही बंद न पडलेलं घड्याळ त्यांनी चार वेळा दुरुस्तीला आणलं, तेव्हा कुठे भिंगरावांच्या डोक्यात उजेड पडला.

अंगठीचं पडदेबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. हिरा प्रयोगशाळेत वाढवलेलाच हवा. माझ्या बोटासाठी कुणी डोंगर पोखरायला नको, असं त्यांचं म्हणणं. आणि कट रेडियंट हवा. लांबट चौकोनी, भरपूर पैलूंचा, चारही कोपरे छाटलेला. टोकदार कोपरा कापडाचा धागा ओढतो, छाटलेला निमूट राहतो. एवढं सांगून खडा निवडायचं काम त्यांनी भिंगरावांवर सोपवलं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. हिरेवालीकडे दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा हात हलवत परत. त्यांच्या थोरल्या बहिणीने तर तोंडावर सांगितलं, की तुला बायको नकोय, स्पेअर पार्ट हवाय, तोही सीलबंद.

तिसऱ्या खेपेला सोबत आलेल्या पडदेबाई हिरेवालीच्या दुकानाच्या पायरीवरच थांबल्या.

"आज शेवटचं," त्या म्हणाल्या. "मी त्रेपन्न वर्षांची आहे. एक दात बसवलेला आहे, डावा गुडघा कुरकुरतो, आणि मी घोरते असं भाची सांगते. तुम्हाला एवढासा खडा पसंत पडत नसेल, तर मी काय पडणार? आज निवडला नाहीत, तर हा विषय मिटला. तुम्ही अलीकडे, मी पलीकडे."

भिंगरावांनी भिंग शर्टाला पुसलं आणि दार उघडलं.

हिरेवालीने त्यांना खिडकीजवळ बसवलं, कारण दुकानातल्या दिव्याखाली बाटलीची काचही महाराणी दिसते. पांढऱ्या कागदावर तिने सहा खडे मांडले. भिंगरावांनी भिंग लावलं. पहिल्याच्या मधोमध काळपट सावली, बो बांधल्यासारखी. दुसऱ्याचं सगळं वजन पोटात, वरून बघावं तर तोंड चिमणीएवढं. तिसरा इतका लांबट, की काडेपेटीत सहज खपला असता. चौथ्याचे कोपरे एकमेकांशी भांडलेले. पाचवा धुरकट, कुणीतरी त्यावर उसासा टाकून पुसायला विसरल्यासारखा. जी खोट काढली जात होती ती खरीच होती, त्यामुळे हिरेवालीला वादही घालता येईना.

सहावा उचलला मात्र, आणि बर्फ कुटून वाटीत भरावा, त्यावर ऊन सांडावं, तसं झालं. छतावर उजेडाचे इतके ठिपके नाचले, की ते उडून जातील म्हणून हिरेवालीने पंखा बंद केला. भिंग हळूहळू कोपऱ्याकडे सरकलं आणि तिथे थांबलं. कोपऱ्याजवळ सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता.

हिरेवालीने काही लपवलं नाही. हा खडा प्रचंड दाबाखाली, वितळलेल्या धातूत वाढलेला. वाढता वाढता धातूचा एक कण आत राहून गेला. नुसत्या डोळ्यांना सात जन्मांत दिसायचा नाही, असं ती म्हणाली.

"पण आहे," भिंगराव म्हणाले.

पडदेबाईंनी पर्स उचलली. आवाज चढवला नाही, खुर्चीसुद्धा नीट आत सरकवली, आणि तेच भिंगरावांना जास्त लागलं. थांबा म्हणायचं राहूनच गेलं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी खिशातला आपला कामाचा चिमटा काढला, खडा उचलला, परत कागदावर नेला आणि चिमटा उघडला.

खडा पडला नाही. त्यांनी झटकला. खडा चिमट्याच्या एका टोकाला कोपऱ्याने लोंबकळतच राहिला, वटवाघळासारखा.

हिरेवाली उठून उभी राहिली. असा खडा जबर लोहचुंबकाकडे ओढला जातो हे तिने ऐकलं होतं, पण चिमट्याला लटकलेला तिच्या आजोबांनीही पाहिला नसेल. भिंगराव मात्र कानापर्यंत लाल झाले. घड्याळवाल्याच्या चिमट्यात चुंबक भरणं म्हणजे आचाऱ्याने मीठ म्हणून साबणचुरा घालणं. स्पीकरच्या चुंबकाजवळ घड्याळ ठेवून त्याची चाल बिघडवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते अर्धा अर्धा तास बोलणी ऐकवत.

"काल मीच ठेवला," ते कसेबसे म्हणाले. "उघड्या रेडिओत. थेट स्पीकरच्या चुंबकावर. रात्रभर तिथेच राहिला."

दाराशी पोचलेल्या पडदेबाई वळल्या. "तुम्ही? असं कसं झालं?"

"तुम्ही समोर निळा पडदा झटकत होतात."

पडदेबाई परत आल्या आणि लटकलेल्या खड्याकडे वाकून बघू लागल्या.

"म्हणजे खोट चिमट्यातही आहे."

"आहे."

"आणि खड्यात?"

"आहे की. म्हणून तर धरून बसलाय. निर्मळ असता तर केव्हाच सुटून पडला असता." भिंगरावांनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "हाच. मला हाच हवा."

पडदेबाई इतक्या हसल्या, की आतल्या खोलीतला कारागीर हातातलं काम टाकून बघायला आला. हसता हसताच त्यांनी विचारलं, लग्नाला बुधवार कसा काय वाटतो, दोघांचीही दुकानं बंद असतात. भिंगराव म्हणाले, बुधवारच बरा. हिरेवालीने मापाच्या कड्या आणून पडदेबाईंच्या बोटात एकामागून एक घातल्या आणि एक आकडा सांगितला. तो पुन्हा मोजून बघायचं भिंगरावांना सुचलंच नाही. ते चिमटा उंच धरून बसले होते, आणि पडदेबाई नखाने खडा सोडवत होत्या. सुटायला तो बराच वेळ तयार नव्हता.