चार वर्षं जादा गॅरंटी

वासुदेव भियाने शनिवारी तिसऱ्यांदा चहा मागवला, तेव्हा गजानन ओशाळला. घेणं नाही देणं नाही, दुकानात बसून फुकटचा चहा तरी किती ढोसायचा? कॅमेरा तर मंगळवारीच घेऊन झाला होता. पैसे चुकते झाले होते, बिल खिशात होतं. गाडं अडलं होतं ते एका गुलाबी फॉर्मवर. कॅमेऱ्याला कंपनीची गॅरंटी एक वर्षाची. वर चौदाशे रुपये भरले की आणखी चार वर्षं. फॉर्म मात्र सात दिवसांच्या आत भरायचा. म्हणजे सोमवारपर्यंत. मंगळवारी मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी कोणी ऐकणार नाही.

आता खरं तर दुकानदाराने असली चीज गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची असते. पण कृष्णपुऱ्यातलं हे दुकान वासुदेवच्या वडिलांच्या वेळचं, आणि जुन्या माणसाला टोपी घालणं त्याच्या जिवावर यायचं.

"बाबूजी, मैं तो पहले दिन से के रिया हूँ, मत लो," तो म्हणाला. "इंदौर में सर्विस सेंटर है नहीं. हर साल पूना जाओ, दिखाओ, कार्ड पे ठप्पा लगवाओ, तब गारंटी चालू रहेगी. कूरियर से भेजोगे तो लेंगे नहीं. किराए में ही चौदह सौ का दम निकल जाएगा."

"दरवर्षी जावं लागतं?"

"हर साल."

"आणि पुण्यालाच?"

"पूना ही. यही तो लफड़ा है."

हे दोन प्रश्न गजाननने मंगळवारीही विचारले होते आणि गुरुवारीही. उत्तर त्याला पाठ होतं. तरी ते पुन्हा ऐकलं की बरं वाटायचं. पुण्याला त्याची मुलगी राहत होती.

गजानन म्हणजे मिलचा फोटोवाला. चोवीस वर्षं त्याने एकच काम केलं. टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत कामगाराला स्टुलावर बसवायचं, हनुवटी वर करायची, आणि गेटपाससाठी फोटो काढायचा. साच्यावरचे विणकर, रंगखात्यातले, बदलीवाले, सगळे त्याच्यासमोर एकदा तरी श्वास रोखून बसलेले. मग मिल बंद पडली. एके सकाळी भोंगा वाजला नाही, गेटला सील लागलं, आणि गजाननचा कॅमेरा आतच राहिला. तो मिलच्या मालकीचा होता, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. पाच वर्षं त्याने उसन्या कॅमेऱ्यावर शाळेच्या ओळखपत्रांचे नि पासपोर्टचे फोटो काढून दिवस ढकलले. इकडे बाजारात काय काय येऊ लागलं. जो जपानी कॅमेरा पूर्वी कोणाच्या तरी ओळखीने, कागदात गुंडाळून, बिनबिलाचा मिळायचा, तो आता वासुदेवच्या काचेच्या कपाटात दिवसाढवळ्या किमतीची चिठ्ठी लावून बसला. पोस्टातले साठवलेले पैसे काढून गजाननने तो घेतला. सत्तावन्नाव्या वर्षी पहिला स्वतःचा कॅमेरा. घरी आणून दाखवावा तर दाखवायला कोणी नाही. त्याने तो टेबलावर ठेवला, आणि समोर बसून एकट्याने भाकरी खाल्ली.

शनिवारी दुकानातून परतताना वाटेत वाल्मिक भेटला. वाल्मिक मिलमध्ये फिटर होता. आजोबा महूच्या पलटणीत, म्हणून चाल अजून ताठ. आता तो लोडिंग टेम्पो चालवायचा. गुलाबी फॉर्म पाहून तो हसत सुटला.

"गज्या, तुला गॅरंटी? अरे, मिलचा तो खटारा तू बायकोच्या हेअरपिनने दुरुस्त करायचास. डोळे बांधले तरी कॅमेरा खोलून परत जोडशील तू. उलट कंपनीनेच तुझ्याकडून लिहून घ्यायला पायजे."

"नवीन मॉडेल आहे रे. इलेक्ट्रॉनिक आहे आत."

"असू दे. बिघडला तर तू काय पुण्याला नेणार? चल, घरी जेवायला चल. दोन्ही सुना, चार पोरं, नुसता बाजार भरलाय. मला स्वतःच्या घरात टेकायला जागा नाही."

वाल्मिकने हे तक्रार म्हणून सांगितलं. ज्याचं पोट भरलेलं असतं तोच जेवणाला नावं ठेवतो. गजानन म्हणाला, आज नको, खिचडी टाकून आलोय. खिचडीबिचडी काही नव्हती. पण चार पोरांच्या गोंगाटातून उठून बडा गणपतीच्या देवळामागच्या आपल्या खोलीचं कुलूप उघडायचं म्हणजे फार जड जायचं. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

तर मुलीकडे जायला या माणसाला कोणी अडवलं होतं का? नव्हतं. शलाका दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, कधीही या." तीच तर पंचाईत होती. कधीही म्हणजे कधी? कधीही हा काही वार नाही, की त्या वारी बॅग भरावी. गजाननचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, आणि त्या घरात एक शिरस्ता कायदा असल्यासारखा चालत आला होता. बाप लेकीच्या घरी उगाच जात नाही. कारण लागतं. बारसं, मुंज, आजारपण, मयत. कारण उरकलं की दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. गजाननचे वडील आत्याकडे उभ्या आयुष्यात तीनदा गेले, त्यातलं तिसऱ्यांदा तिला पोचवायला.

रमा होती तेव्हा चिंता नव्हती. कारणं काढण्यात त्या बाईचा हात कोणी धरू शकत नसे. कैरीचं लोणचं पोचवायचंय. जावयाच्या मावशीला महेश्वरी साडी हवीय. नातीच्या, चारूच्या कानाला सोन्याची तार इंदूरच्याच सराफाची चांगली. नातीच्या जन्मानंतर वर्षभरात दोघं तीन वेळा पुण्याला जाऊन आले. मग रमा गेली, त्याला दोन वर्षं झाली. गजाननला लोणचं घालता येत नव्हतं, साड्यांतलं काही कळत नव्हतं. तो एकदाही गेला नव्हता. आता चारू तीन वर्षांची. फोनवर तो तिला "भुट्टा खाल्लास का?" म्हणाला, की ती आईला विचारायची, आजोबा काय बोलतात. पुण्याच्या पोरीला कणीस माहीत, भुट्टा नाही.

आणि हा फॉर्म. दरवर्षी एकदा, कंपनीच्या हुकमाने, स्वतः जाऊन. रमानेसुद्धा असं भक्कम कारण कधी शोधलं नसतं. पहिल्या वर्षाची खेप धरून पाच खेपा होत होत्या. चारू चारची, पाचची, सहाची, सातची, आठची. चौदाशे रुपयांत एवढं मिळत असेल तर स्वस्तच म्हणायचं. फक्त मनाला एक टोचणी होती. ज्या कॅमेऱ्याला काही होणार नाही, आणि झालं तर आपणच नीट करणार, त्याच्या नावाने मुलीच्या दारात उभं राहायचं. हे थोडं खोटंच झालं. म्हणून सोमवारच्या आत एकदा तिच्या कानावर घालावं, तिच्या आवाजावरून काय ते ठरवावं, असं त्याने योजलं.

रविवारी सकाळी तो प्रमोदिनीताईंच्या एसटीडी बूथवर गेला.

"शलाका, एक झंझट झालीय," त्याने मुद्दाम कपाळाला आठ्या घालून सांगितलं, जणू तिला दिसणार होत्या. "कॅमेऱ्याची जादा गॅरंटी घ्यावी म्हणतो. पण त्यासाठी दरवर्षी पुण्याला सेंटरमध्ये न्यावा लागतो. मलाच यावं लागेल. दुसरा इलाज नाही."

"दरवर्षी? बाबा, एवढा बसचा प्रवास? तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं काय, येईन हळूहळू."

"थांबा, लगेच पैसे भरू नका. कुठलं सेंटर ते सांगा. मी उद्या चौकशी करते. संध्याकाळी फोन करा."

तिने चौकशी कशाला करायची, हे त्याला कळेना. पण 'येऊ नका' तर म्हणाली नव्हती. गुडघ्यांची काळजी केली म्हणजे येणं धरूनच बोलली. तो खुशीत घरी आला, आणि त्याने रमाची जुनी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. वाटलं, फॉर्म भरल्या भरल्या पहिली खेप करून टाकू. नवीन कॅमेरा एकदा दाखवलेला बरा, असं म्हणता येईल.

सोमवारी सहालाच तो बूथवर पोचला. दुकान आठपर्यंत उघडं. चौदाशे रुपये आणि फॉर्म, दोन्ही वरच्या खिशात.

"बाबा, काम झालं," शलाका एवढ्या आनंदात होती की तिचं बोलणं एकात एक अडकत होतं. "ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून मी स्वतः सेंटरला गेले. मॅनेजर ऐकेचना. मी म्हटलं, माझे वडील साठीला आलेत, एकटे आहेत, एवढ्या लांबून त्यांना दरवर्षी ओढत आणता तुम्ही? शेवटी तयार झाले. घरातलं कोणीही घेऊन आलं तर चालेल म्हणाले, पत्र दिलंय तसं. आणि हे दर डिसेंबरात ऑफिसच्या कामाने इंदूरला येतातच. हे नेतील, हेच परत पाठवतील. तुम्हाला जागचं हलायला नको."

गजाननचा हात वरच्या खिशातल्या फॉर्मवर गेला.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय. बरं झालं गं. माझी दगदग वाचली."

"मला माहीत होतं तुम्हाला बरं वाटेल. कालपासून डोक्यात तेच होतं माझ्या."

त्याने फोन ठेवला, पैसे दिले आणि बूथबाहेरच्या बाकावर बसला. पोरीचा राग तरी कसा यावा? तिने बापासाठी अर्धी सुट्टी घालवली, परक्या माणसाशी भांडली. एवढी माया, आणि त्या मायेनेच दार लावून घेतलं. त्याला रडू आलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस भर रस्त्यात रडला असता, पण बाकावर दुसरं एक माणूस येऊन बसलं म्हणून त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

फॉर्म काढून पाहिला. चारच ओळी भरायच्या होत्या. आता भरला तरी कॅमेरा दरवर्षी पुण्याला जाणार होता आणि तो इथेच राहणार होता. त्याने फॉर्मच्या चार घड्या केल्या आणि बाकाशेजारच्या डब्यात टाकून दिला. कॅमेरा बिघडला तर तो घरी नीट करेल. कॅमेऱ्याचं काही अडलेलं नव्हतंच. अडलं होतं त्याचं स्वतःचं, आणि ते इतक्या दिवसांत त्याने एकालाही सांगितलं नव्हतं. वाल्मिकला नाही, वासुदेवला नाही, ज्या मुलीला सांगायचं तिला तर नाहीच. रमा असती तर म्हणाली असती, तोंडात काय मूग धरलेत का? मग तो उठला आणि प्रमोदिनीताईंना म्हणाला, "परत तोच नंबर लावा."

"काय झालं बाबा? काही राहिलं का?"

"शलाका, मी गॅरंटी घेत नाहीये."

"बरं. पण का?"

"मला यायचंय तिकडे. काम काही नाही. नुसतं यायचंय. पंधरा दिवस राहीन म्हणतो."

बोलून टाकलं. समोरच्या मीटरच्या डब्यावरचे लाल आकडे दोनदा बदलले.

"बाबा," शलाकाचा आवाज एकदम बारीक झाला. "डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुम्हाला?"

"अगं, नाही. डॉक्टर कुठून आला मध्येच?"

"तुम्ही कामाशिवाय कधी येत नाही. पंधरा दिवस तर कधीच नाही. खरं सांगा. काय दुखतंय?"

"काही दुखत नाही. तब्येत ठणठणीत आहे माझी."

"आईसुद्धा हेच म्हणाली होती फोनवर. ठणठणीत म्हणाली, आणि तीन आठवड्यांत गेली. मला पोचताही आलं नाही." ती आता उघड रडत होती. "तुम्ही प्रवास करायचा नाही. मीच निघते. परवा सकाळी पोचते, पंधरा दिवस रजा टाकते. फक्त एकदा सांगा मला, बाबा. तुम्हाला बरं नाहीये ना?"

गजाननने दोनदा खरं सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला त्याने तोंड उघडलं. एक वाक्य बोललं की ती डोळे पुसणार होती, हसणार होती, रजेचा विचार सोडणार होती, आणि म्हणणार होती, मग या ना बाबा, कधीही या.

तो गप्प राहिला. आपण काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. तरी तो गप्पच राहिला.

"निघतेच मी," शलाका म्हणाली. "येताना काय आणू तुमच्यासाठी?"

"चारूला आण," गजानन म्हणाला.