लाल पाणी

गावात पटकी शिरली आणि पारोळ्याच्या सरकारी माणसाने विहिरीत औषध ओतून पाणी लाल केलं. गाव काठाशी थिजून उभं राहिलं. हे विषच, असं सगळ्यांना वाटायचं. मागच्या साथींत सुकदेव मास्तर पहिला तांब्या प्यायचे आणि दिवसभर शाळेच्या पायरीवर बसायचे, आपण जिवंत आहोत हे गावाला दिसावं म्हणून. औंदा मास्तर नव्हते.

"मास्तर मोठा छातीना व्हता," उखर्डूआबा म्हणाले. "आते कोन पेई?"

कसली छाती! मास्तरांच्या विधवेला, प्रमिलाबाईला, ते चळाचळा कापणारं अंग आठवलं. घरातून निघताना पेटीची किल्ली तिच्या हाती देऊन जायचे.

तिने कमरेची किल्ली काढून आबांच्या हातात ठेवली. तांब्या भरला, प्याली आणि पायरीवर जाऊन बसली.

ऊन अजून कोवळं होतं.