रविवारचा भूकंप

मुलीला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला खोली घेऊन राहणाऱ्या आईला स्वतःची काही आवड असू शकते, हे त्या शहरात अजून कुणाला सुचलेलं नाही. तिने पहाटे डबा करावा, दिवसभर वाट बघावी, संध्याकाळी मार्क विचारावेत आणि मधल्या वेळात जमलंच तर श्वास घ्यावा. नाजिया नांदेडहून राहायला आली तेव्हा गल्लीतल्या जुन्या आयांनी तिला सगळे कायदे समजावून दिले. टीव्ही आणायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या पोरं क्लासला गेल्यावरच काढायच्या. मोठ्याने हसायचं नाही, कारण त्याने शेजारच्या पोराची ऑरगॅनिक केमिस्ट्री बिघडते. यातल्या काही बायका वर्षभर हसलेल्या नव्हत्या आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

नाजियाने सगळं मान्य केलं. तिची मुलगी उजमा दहावीला फार हुशार निघाली, त्याचीच ही शिक्षा होती. नवरा शारिक नांदेडला कापडाच्या दुकानावर राहिला आणि मायलेकी रुक्मिणबाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत आल्या. येताना नाजियाने भांडी आणली, गाद्या आणल्या, आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी, दोन चादरींत गुंडाळून, एक गाडी आणली.

गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची, शर्यतीची मोटार. तिला कुणी खेळणं म्हटलेलं नाजियाला खपत नसे. नांदेडला तिचा भाऊ कलीम मोबाइल दुरुस्त करायचा आणि ती त्याच्या दुकानात सोल्डरिंगला बसायची. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं असल्या गाड्या घेऊन यायची. एकदा दुरुस्त झालेली गाडी चालते का बघावी म्हणून तिने रिमोट हातात घेतला, तो पुढे कित्येक वर्षं सोडला नाही. मंडपवाल्याच्या गोदामात जुन्या गालिच्यांवर शर्यती लागायच्या. सुरुवातीला पोरं म्हणायची, आपा, तुम्ही बाजूला बसा, गाडी अंगावर येईल. नंतर नंतर आपा येणार आहेत का हे विचारून, मगच यायचं की नाही ते ठरवायची.

लातुरात आल्यावर पहिले काही महिने पेटी उघडलीच नाही. उघडून तरी करणार काय? चार भिंती आणि वर पत्रा दिसला की या शहरात तिथे फळा लागतो. गोठा रिकामा झाला की त्याची अभ्यासिका होते, आणि म्हशीपेक्षा पोरांचं भाडं जास्त येतं म्हणून मालक देवाचे आभार मानतो. पुढे पुढे उजमा क्लासला गेली की नाजिया कधीकधी पेटीतून गाडी काढून, मांडीवर घेऊन नुसती चाकं फिरवत बसे. तिला त्या शर्यतींची इतकी आठवण यायची की नवऱ्याची तेवढी येत नसे, आणि याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

मग एके दिवशी इलेक्ट्रिकच्या दुकानात एक उंच गृहस्थ तिच्या पुढे उभे राहून, चोरीचा माल मागावा तशा आवाजात, रेसिंगच्या गाडीची बॅटरी मागताना तिने ऐकले. तिने तोंड बघितलं आणि चाटच पडली. हे उजमाच्या क्लासचे केमिस्ट्रीचे विरूपाक्ष सर. चौकाचौकात हाताची घडी घालून फ्लेक्सवर उभे असायचे. नाजिया हळूच म्हणाली, "ट्रॅक कुठं हाय, सर?"

सरांचा चेहरा पडला. पण रेसिंगचं वेड असलेला माणूस दुसऱ्या वेड्याशी फार वेळ खोटं बोलू शकत नाही. रुक्मिणबाईंच्या घराला भिंतीला भिंत लागून शेषेरावांचं मंगल कार्यालय होतं. चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे वरचा जेवणाचा हॉल मोकळा पडायचा. सर, दातांचे एक डॉक्टर, बँकेतला एक कारकून आणि खुद्द शेषेराव दर रविवारी दुपारी, सगळं लातूर टेस्ट सिरीजला बसलेलं असताना, खिडक्यांना गाद्या लावून तिथे गाड्या पळवायचे. पंगतीच्या प्लायवूडच्या टेबलांचे पाय काढून फळ्या जमिनीवर अंथरलेल्या, वर हिरवी मॅट, मध्ये दोन चढ. सरांनी तिला शपथ घालून सांगितलं की हे बाहेर फुटलं तर पालक विचारतील, खेळण्यांशी खेळणारा मास्तर आमच्या लेकराला काय शिकवणार? आणि त्यांचं खरंच होतं.

नाजियाने उजमाला सांगितलं की दर रविवारी पालक मार्गदर्शन शिबिर असतं. हे अगदीच खोटं नव्हतं. तिथून परतली की ती पालक म्हणून फार बरी वागायची.

पहिल्या रविवारी तिची गाडी दोनदा भिंतीवर आपटली आणि ती शेवटची आली. बोटं जड झाली होती, वळणाच्या आधी वेग सोडायचा तो वळणावर सुटत होता. दातांच्या डॉक्टरांनी तिला आपुलकीने समजावून सांगितलं की लेडीजना थोडा वेळ लागतोच. पुढच्या रविवारी तिने त्यांना गाठलं, त्याच्या पुढच्या रविवारी सरांना मागे टाकलं, आणि समजावणं बंद झालं. जिना उतरताना ती चक्क गुणगुणत होती. गल्लीतल्या आयांनी ते ऐकलं आणि उजमाच्या निकालाची त्यांना काळजी वाटू लागली.

त्याच संध्याकाळी रुक्मिणबाईंनी आपली बाज घरातून काढून अंगणात टाकली.

रुक्मिणबाई साठीच्या आसपासच्या. औशाच्या पलीकडे त्यांचं सासर होतं. किल्लारीच्या भूकंपात त्या घराखाली त्यांची सासू गेली आणि दोन वर्षांची मुलगी गेली. पुढे नवऱ्यासोबत त्या लातूरला आल्या, इथे शिवशंकर झाला, नवरा वारला, आणि मोठा झालेल्या शिवशंकरने हे स्लॅबचं घर बांधून त्याच्या खोल्या पोरींना भाड्याने दिल्या. रुक्मिणबाई फार बोलायच्या नाहीत. नाजियाला मात्र त्या सणाला पुरणपोळी आणि एरवी मूठभर शेंगा आणून द्यायच्या. आता त्या सांगू लागल्या की कित्येक दिवस झाले, भिंत घुमते, जमिनीतून घरघर येते आणि मधूनच दणका बसतो.

आधी सगळ्यांनी ते फार मनावर घेतलं. लातुरात घुमण्याची थट्टा कुणी करत नाही. मोबाइलवर गूढ आवाजाचे निरोप फिरले. एका हॉस्टेलवाल्याने रातोरात 'भूकंपरोधक निवास, मर्यादित जागा' असा फ्लेक्स लावला आणि भाडं वाढवलं. सरकारी माणसं दोनदा येऊन गेली, चहा पिऊन गेली आणि भूकंपाच्या यंत्रावर काहीच नोंद नाही असं सांगून गेली. यंत्रच नाही म्हणतंय म्हटल्यावर लोकांचं मन बदललं. जमीन शहाणी ठरली, म्हातारी वेडी ठरली. रुक्मिणबाई तरी म्हणतच राहिल्या की दर ऐतवारी दुपारी येतो, मी ध्यान ठेवून ऐकून राहिले. त्यावर तर गल्लीला हसू आवरेना, अगदी वर्षभर न हसलेल्या आयांनाही. भूकंप कधी वार बघून येतो का, असं शिवशंकरने सगळ्यांदेखत विचारलं.

नाजिया त्या वेळी दारात उभी होती. तिला सगळं कळत होतं. प्लायवूडवरून गाड्या सुटल्या की फळ्या खालच्या स्लॅबवर खडखडायच्या, चढावरून गाडी आदळली की दणका बसायचा, आणि दोन्ही घरांची भिंत एकच होती. तिने तोंड उघडलं नाही. पुढच्या रविवारी ती शर्यतीला गेली, हरली, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी गेली.

भादव्याचा पाऊस लागला. रुक्मिणबाई बाजेवर ताडपत्री ओढून अंगणातच बसत. भाडेकरू पोरींच्या वडिलांनी तक्रार केली की असल्या दृश्याने अभ्यासाचं वातावरण बिघडतं. वातावरण बिघडतं म्हटल्यावर लातुरात पुढे बोलायला जागा उरत नाही. शिवशंकरने सोमवारी डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आईला भास होतात, गोळ्या सुरू कराव्या लागतील, असं त्याने नाजियाला अगदी काळजीने सांगितलं. तो वाईट मुलगा नव्हता.

नाजियाने विरूपाक्ष सरांना गाठलं आणि म्हणाली की आपण सांगून टाकू. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाभी, तुळशीचं लग्न झालं की हॉल लग्नांना जाणार," ते म्हणाले. "तोवर आजी बाहेर झोपल्या तर काय बिघडलं? बाहेर हवा चांगली असते."

नाजिया खोलीवर आली. सांगितलं तर हॉल गेला, शर्यती गेल्या, सर दुखावणार, आणि ज्यांच्या वर्गात उजमा बसते ते हेच सर. न सांगितलं तर सोमवारी एका शहाण्या बाईला वेडाच्या गोळ्या. तिला स्वतःची किळस आली.

रविवारी दुपारी ती गाडी उघडी काखेत धरून अंगणात गेली आणि म्हणाली, "मावशी, माझ्यासंगं वर चला. आवाज कुठून येतो ते दाखवते."

रुक्मिणबाई जिना चढून हॉलच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा आतल्या चौघांचे रिमोट जिथल्या तिथे थांबले. दातांच्या डॉक्टरांनी उगाचच नमस्कार केला. नाजियाने कुणाकडे बघितलं नाही. तिने गाडी फळ्यांवर ठेवली आणि एक फेरा मारला. रुक्मिणबाई खाली बसल्या, तळवा फळीवर टेकला आणि डोळे मिटले. गाडी चढावरून आदळली तरी त्यांनी हात उचलला नाही.

"ह्योच," त्या म्हणाल्या. मग गाडीकडे बघत राहिल्या. नाजिया माफी मागायला लागली, पण ती त्यांना ऐकूच येत नसावी. "म्हंजी आवाज होता," त्या म्हणाल्या. "मी खाली जाते. शिवाला भिंतीपाशी उभा करते. म्या हात वर केला की चालीव."

नाजियाने खिडकीतली गादी काढली. एवढ्यात विरूपाक्ष सर शर्टाखाली गाडी लपवून स्वयंपाकघराच्या जिन्याने निघाले होते आणि बाकीचे त्यांच्या मागे. खाली अंगणात येऊन रुक्मिणबाईंनी हात वर केला आणि त्या परत घरात वळल्या. नाजियाने गाडी सोडली. इथे आपण परत चालवणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, म्हणून तिने मुळीच हात आखडला नाही. बॅटरी संपेपर्यंत तिने अशी गाडी पळवली की नांदेडच्या पोरांनी गप्प बसून बघावी.

ती खाली उतरली तेव्हा अंगणात अर्धी गल्ली जमली होती. टेस्ट सोडवून आलेली उजमा होती. तिने आईच्या हातातल्या गाडीकडे बघितलं आणि अम्मी, हेच का ते पालक मार्गदर्शन, असं सगळ्यांपुढे विचारलं. नाजिया हो म्हणाली.

रुक्मिणबाईंनी शिवशंकरचा तळवा घरातल्या भिंतीवर दाबून धरला होता, तो आत्ता सोडला. दोघं बाहेर आले. शिवशंकरची मान खाली होती. आई, माझं चुकलं, म्हणाला आणि लगबगीने बाज उचलायला गेला. आता काही भ्यायचं कारण नाही, चल आत, असं म्हणून त्याने दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं.

रुक्मिणबाई जागच्या हलल्या नाहीत.

"त्या साली बी वरीसभर जमीन घुमत होती," त्या म्हणाल्या. "पोरीला पोटाशी धरून म्या अंगणात निजायची. तुझा बाप म्हणला, तुला भास होऊन राहिला. असंच मनगट धरून घरात न्हेलं मला."

शिवशंकरने हात सोडला. बाज खाली ठेवली.

रुक्मिणबाईंनी बाजेवरची ताडपत्री झटकली, तिची घडी केली आणि ती काखेत मारून, आपल्या पायांनी, घरात गेल्या.